८७.५ मिमी बोअरच्या नव्या बॅरलमध्ये होनिंगनंतर खड्डे: स्लीव्ह (आतली नळी) घालावी, भरून घ्यावं की माल परत करावा?

चिकोडी_इंजिन

पंख्याच्या हवेवर थंड होणाऱ्या सिंगल सिलिंडर डिझेल इंजिनचं बॅरल (सिलिंडर) आहे. बीडाचं (ओतीव लोखंडाचं), अंगच्याच पंखांसकट ओतलेलं. बोअर (आतला व्यास) ८७.५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ११० मिमी. सहा नग कच्चे घेऊन इकडेच बोअर मारले. रफ कटला सगळं स्वच्छ. फिनिश कटला दोन नगांत काळे ठिपके दिसले, आणि होनिंग (दगडानं घासून शेवटची सफाई) झाल्यावर चार नगांत खड्डे उघडे पडले.

सगळ्यांत मोठा खड्डा १.२ मिमी रुंद, सुई घालून बघितली तर साधारण ०.८ खोल. बाकीचे टाचणीच्या टोकाएवढे, पण पाच-सात एका ठिकाणी गोळा झालेले. एका नगात खड्डा वरच्या तोंडापासून ३० मिमीवर आहे, दुसऱ्यात खालच्या तोंडापासून १५ मिमी वर. ओतारी म्हणतो मेटल पुटी भरून परत होन मारा, कोण बघतंय आत. उसाच्या पाण्याच्या पंपावर चालायची इंजिनं आहेत ही, रात्र-रात्र फुल लोडवर. काय करावं?

उद्यमबाग_टर्नर

पुटी नको. त्याची कारणं कुणीतरी सविस्तर लिहीलच.

आधी चार गोष्टी कळवा: खड्डे बोअरच्या सगळ्या बाजूंनी आहेत की एकाच अंगाला? आतून गुळगुळीत की खडबडीत? आत वाळूचे कण, राखाडी मळी असं काही अडकलंय का? आणि बॅरलच्या बाहेर पार्टिंगची (साच्याचे दोन भाग जुळतात ती) रेघ कुठून गेली आहे? दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि छोटा टॉर्च एवढं पुरे. मोबाइलच्या कॅमेऱ्यानं बोअरमधलं नीट कळत नाही, उजेड चकाकतो.

बीडभट्टी

टर्नर अण्णांनी विचारलेलं महत्त्वाचं आहे, कारण बीडातलं प्रत्येक भोक म्हणजे ब्लोहोल (वायूचं भोक) नव्हे. आपल्याकडे सगळ्यालाच 'ब्लो' म्हणून मोकळे होतात, मग उपाय भलत्याच जागी होतो.

गोल किंवा अंडाकृती, आतून गुळगुळीत आणि चकचकीत असेल तर वायू. त्यातही बारीक टाचणीएवढी, सालीखाली १ ते ३ मिमीवर रांगेनं बसलेली भोकं बहुतेक हायड्रोजनची. तुमच्या रफ कटला काही दिसलं नाही आणि फिनिशला दिसलं, त्याचं कारण हेच. मशिनिंगला ३ मिमीची साल ठेवली असेल तर भोकं नेमकी शेवटच्या दोन कटांत उघडी पडतात.

स्वल्पविरामासारखी, चिरेसारखी लांबट आणि पृष्ठभागाला काटकोनात आत गेलेली दिसली तर नायट्रोजनचा संशय घ्यावा. युरियावाल्या रेझिनचा किंवा हेक्सा (रेझिन कडक करणारं रसायन) जास्त झालेल्या शेल वाळूचा कोअर (पोकळीसाठी साच्यात बसवायचा वाळूचा गाभा), भट्टीत स्टीलचा भंगार जास्त आणि वर स्वस्तातला कार्बन, ही त्याची नेहमीची मुळं.

भोकात राखाडी-काळी मळी चिकटलेली असेल, तर थंड धातू, जास्त गंधक आणि जास्त मँगनीज हे त्रिकूट. मँगनीज सल्फाइड आणि मळी वर तरंगत येते, मळीतला ऑक्साइड धातूतल्या कार्बनशी भिडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊन तिथंच अडकतो.

आत खडबडीत, फांद्याफांद्यांचं जाळं दिसलं तर ते श्रिंकेज, म्हणजे धातू आकसून पडलेली पोकळी. ते सहसा जाड भागात येतं, म्हणजे फ्लँजच्या किंवा स्टडच्या बॉसच्या मागे. वाळूचे कण सापडले तर साच्याची किंवा कोअरची वाळू धुपली. आणि गोलसर कडांची रेघ असेल, जणू दोन ओघ येऊन मिळाले पण जुळले नाहीत, तर तो कोल्ड शट. रेघेचं बॅरल सरळ भंगारात टाका, तिथं वाद नको.

चिकोडी_इंजिन

भिंगाखाली बघितलं. चारही नगांत खड्डे बोअरच्या एकाच अर्ध्या भागात आहेत, समोरचा अर्धा भाग अगदी स्वच्छ. पार्टिंगची रेघ बॅरलच्या उभ्या लांबीनं दोन्ही बाजूंनी गेली आहे. बारीक भोकं आतून चकचकीत. १.२ मिमीच्या मोठ्या खड्ड्यात मात्र काळसर राख चिकटलीय, सुईनं खरवडली तर निघते. पंखांच्या दोन-तीन कडा बोथट आहेत, कोपरा पूर्ण भरलेला नाही. ओतकाम जुलैचं आहे.

बीडभट्टी

मग चित्र बरंच स्पष्ट झालं. पार्टिंग उभ्या लांबीनं आहे म्हणजे बॅरल साच्यात आडवं पडून ओतलं आहे. वायू आणि मळी दोन्ही वर चढतात, म्हणून खड्डे साच्याच्या वरच्या पेटीकडच्या अर्ध्या भागात. खालचा अर्धा स्वच्छ असणारच. बोथट पंख म्हणजे धातू थंड होता. २.५-३ मिमी जाडीचा पंख कोपऱ्यापर्यंत भरायचा तर ओतताना धातू १३८०–१४२० अंशांवर हवा. डावातला (धातू ओतायच्या पळीतला) शेवटचा धातू १३३०-१३४० वर आला की पंखाचं टोक गोल होतं आणि मळीची भोकंही तिथूनच सुरू होतात. दोन्ही खुणा एकाच नगावर आहेत, त्यामुळे यात मला शंका वाटत नाही.

चकचकीत बारीक भोकांची गोष्ट वेगळी. ती ओलाव्याची. जुलैत बेळगाव-खानापूर पट्ट्यात हवाच ओली असते. वाळूतली ओल ३ ते ४ टक्क्यांत राहिली पाहिजे, पण वाळू उघड्या शेडमध्ये असली की वाळू कालवणारा मिलवाला पाण्याचा नळ रोजच्या सवयीनं सोडतो आणि ओल पाचवर जाते. तपासायला महागडं यंत्र लागत नाही. ५० ग्रॅम वाळू तोला, १०५–११० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, परत तोला. १.७५ ग्रॅम कमी झालं तर ओल साडेतीन टक्के. पावसाळ्यात हे पाळीला एकदा नाही, दर दोन तासांनी करायचं काम आहे.

सोडियम सिलिकेटचे कार्बन डायऑक्साइडवर कडक केलेले कोअर हवेतली ओल ओढून घेतात. रात्री करून सकाळी बसवले तर बाहेरून कडक दिसतात, आतून घाम धरलेला असतो. १२०–१५० अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर फिरवून गरम असतानाच साच्यात बसवावेत, आणि बसवल्यावर साचा तासन् तास मिटून ठेवू नये.

कोअरला व्हेंटचं (वायू बाहेर जायचं) भोक असतं, पण प्रिंटच्या (कोअर साच्यात टेकतो त्या टोकाच्या) पुढं साच्यातून बाहेर जायला वाट नसते, हे फार ठिकाणी दिसतं. प्रिंटला पेस्ट थापून व्हेंट बुजवलेला असतो किंवा धातू प्रिंटमध्ये शिरून वाट बंद करतो. कोअरमधला वायू मग जाणार कुठं? धातूत. ओतताना प्रिंटच्या बाजूनं निळी ज्योत बाहेर आलेली दिसली पाहिजे. ती दिसली नाही तर वायू आत राहिला.

आणखी एक. भंगारात पिस्टनचे तुकडे आले की ॲल्युमिनियम धातूत शिरतं. बीडात अगदी ०.०१ ते ०.१ टक्का ॲल्युमिनियमही ओलाव्यातलं हायड्रोजन सोडवून पिनहोल पाडायला पुरतं. गॅरेजच्या भंगारात हे हमखास येतं, आणि स्वस्त फेरोसिलिकॉनमध्येही ॲल्युमिनियम असतं.

निपाणीकर

बीडभट्टी काका, भट्टीचं सगळं बरोबर, पण ह्या माणसाच्या हातात आत्ता सहा बॅरल आहेत. पुटीला एवढं का घाबरता? बाजारात २०० अंश चालणारी लोखंडी पुटी मिळते. टाचणीएवढी भोकं तर होनिंगच्या रेषांतच जमा. तेल धरून ठेवतात उलट.

होनिंग_मच्छे

निपाणीकर दादा, डब्यावरचा २०० अंशांचा आकडा भार नसताना, थोड्या वेळापुरता असतो. हवेवर थंड होणाऱ्या बॅरलचा वरचा पट्टा फुल लोडवर सहज १५० ते २०० अंशांत राहतो. त्यावर पहिली रिंग मिनिटाला ३००० वेळा घासते, १५०० आरपीएम म्हणजे वर आणि खाली दोन्ही फेऱ्या धरून. रिंगमागे ज्वलनाचा दाब. पुटी बीडापेक्षा काही पटींनी जास्त फुगते, दर फेरीत थोडी वर येते, थोडी आत जाते, आणि शेवटी कडेनं सुटते. सुटलेला तुकडा रिंगच्या खाचेत बसतो. त्यात लोखंडाची पूड असतेच, म्हणजे आपणच खाचेत पॉलिश पेपर ठेवल्यासारखं.

वेल्डिंगचं पण तेच. बीडाच्या बोअरमध्ये निकेल रॉडनं थेंब टाकला तरी भोवतीची पट्टी पांढरी, कडक होते. होनचा दगड तिथं उडी मारतो, कडक जागा उंच राहते, शेजारची खोल जाते. बाहेरच्या तुटलेल्या पंखाला निकेल रॉड चालेल: २०-२५ मिमीचे छोटे मणी, प्रत्येक मण्यानंतर हलके ठोके, हात लावता येईल एवढं थंड झाल्यावर पुढचा. बोअरमध्ये नाही.

'टाचणीएवढं तेल धरतं' यात थोडं तथ्य आहे. एखादं सुटं, ०.३ मिमीच्या आतलं, रिंग उलटते त्या जागेपासून दूर, कडा साफ असलेलं भोक इंजिन मारत नाही. पण पाच-सात एकत्र असतील तर मधली भिंत कागदासारखी असते, ती तुटून एकच मोठा खड्डा होतो. ड्रॉइंग असेल तर त्यावर लिहिलेली मर्यादा अंतिम, आपलं मत नंतर.

चिकोडी_इंजिन

मग ०.५० ओव्हरसाइज मारून (बोअर तेवढा मोठा करून) खड्डा काढला तर? पिस्टन मिळतो.

होनिंग_मच्छे

०.५० ओव्हरसाइज म्हणजे एका बाजूनं ०.२५ मिमी निघणार. तुमचा खड्डा ०.८ खोल. जात नाही. १.०० मारलं तरी ०.५०च. आणि वायूचं भोक वर तोंडाला लहान, आत पोटात मोठं असतं, त्यामुळे कट घेतल्यावर खड्डा कमी होण्याऐवजी रुंद झालेला दिसतो. खाली आणखी बंद भोकं असतील ती वेगळी. नव्या बॅरलला पहिल्याच दिवशी ओव्हरसाइज देऊन पुढच्या ओव्हरहॉलची जागा खाण्यात अर्थ नाही.

आधी प्रत्येक नगाची वर्गवारी करा. जुना पिस्टन रिंगांसकट बॅरलमध्ये ठेवून, क्राउन (पिस्टनचा माथा) वरच्या तोंडाला आणून पहिल्या रिंगची जागा मार्करनं आखा. मग क्राउन ११० मिमी खाली नेऊन ऑइल रिंगची खालची कड आखा. या दोन रेघांमधला पट्टा म्हणजे रिंगचा रस्ता. त्या पट्ट्यात खड्डा असेल तर स्लीव्ह किंवा परत. खालच्या तोंडापासून १५ मिमीवरचा तुमचा खड्डा बहुतेक रस्त्याच्या बाहेर, फक्त स्कर्ट (पिस्टनचा रिंगांखालचा भाग) जातो तिथं येईल. तो आरपार नसेल तर बारीक दगडानं कड मारून तो नग वापरता येतो.

आरपार आहे का ते बघायला बाहेरून पंखांच्या मधे खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून फासा, वाळू द्या, आतून खड्ड्यावर रॉकेल लावा. वीस मिनिटांत बाहेर पिवळसर डाग उमटला तर आरपार.

चिकोडी_इंजिन

खालच्या खड्ड्याचा नग रस्त्याबाहेरच आला, खडूवर डाग नाही. उरलेले तीन रिंगच्या रस्त्यात. स्लीव्हचं माप सांगा.

होनिंग_मच्छे

सलग लिहितो, आकडे तुमच्या ८७.५ साठीच धरले आहेत.

सगळ्यात आधी पंखांच्या बुडाशी बॅरलची भिंत मोजा, चारही बाजूंनी. कोअर सरकलेला असेल तर एका बाजूला ९ आणि समोर ७ असंही सापडतं. स्लीव्हसाठी एका बाजूनं २.५ मिमी काढल्यावर पातळ बाजूला किमान ५ मिमी उरत नसेल तर तो नग सोडून द्या.

बॅरल ९२.५ पर्यंत बोअर करा, पण शेवटपर्यंत नाही. खाली ५ मिमी लांबीची पायरी ठेवा, एका बाजूनं १ मिमीची. स्लीव्ह त्यावर टेकते आणि पुढे कधी गरम होऊन ढिली पडली तरी क्रँककेसमध्ये उतरत नाही. पायरीच्या कोपऱ्यात टूलच्या नाकाची गोलाई राहते, तेवढी स्लीव्हच्या खालच्या कडेला चॅम्फर (तिरका काप) हवी, नाहीतर स्लीव्ह बुडाला टेकतच नाही.

बोअरचा पृष्ठभाग गुळगुळीत हवा, आरए (खरखरीतपणाचं माप) १.६ मायक्रॉन किंवा त्याहून कमी. हवेवरच्या इंजिनात हे पाण्यावरच्या इंजिनापेक्षा जास्त महत्त्वाचं. स्लीव्ह आणि बॅरल यांत टूलच्या खोल खाचा राहिल्या तर तिथं हवा अडकते, उष्णता पंखांपर्यंत पोचत नाही, आणि पिस्टन नेमका तिथंच धरतो. मध्ये सीलंट, पेस्ट, काही लावायचं नाही. कोरडं धातूला धातू.

स्लीव्हचा बाहेरचा व्यास बोअरपेक्षा ०.०४ ते ०.०६ जास्त. स्लीव्ह सेंट्रिफ्युगल कास्टची घ्या, फिरत्या साच्यात ओतल्यामुळे मळी आतल्या तोंडाला येते आणि ती मशिनिंगमध्ये निघून जाते. आतून साधारण ८६.५ ठेवून मागवा.

बसवताना हातोडा नको. बॅरल ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर. बीड एका अंशाला मीटरमागे ११ मायक्रॉन वाढतं, म्हणजे ३० वरून २०० ला ९२.५ चा बोअर ०.१७ मिमी मोठा होतो. स्लीव्हचा ०.०५ जादा व्यास वजा केला तरी ०.१२ मोकळं मिळतं. स्लीव्ह घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात उणे १८ ला ठेवली तर तीही ०.०५ नं आखडते. हातानं सरळ खाली सुटते, पण एका दमात. मधे थांबलात तर स्लीव्ह गरम होऊन तिथंच धरणार. गॅसच्या ज्योतीनं एका अंगानं तापवू नका, बॅरल वाकडं फुगतं. पावसाळ्यात फ्रीजमधून काढलेल्या स्लीव्हला क्षणात दव धरतं, ते कोरड्या फडक्यानं पुसूनच टाका.

पायरीवर टेकवून वरून दोन-तीन किलोचं वजन ठेवून थंड होऊ द्या. वर स्लीव्ह ०.१ च्या आसपास बाहेर राहील अशी लांबी ठेवलेली असावी. मग तोंड मशीनवर सपाट घेऊन स्लीव्ह आणि बॅरल एका पातळीत आणा. स्लीव्ह खाली राहिली तर हेड गॅस्केट तिथून जळतं.

फिनिश बोअर करताना होनिंगला ०.०५ ते ०.०८ ठेवा. १८० चा दगड, मग २८०. रेषांचा कोन ४५ अंश. डोळ्यानं जमत नसेल तर हिशेब असा: १०० आरपीएमला ८७.५ बोअरवर दगड मिनिटाला २७.५ मीटर फिरतो. ४५ च्या निम्मे साडेबावीस, त्याचा टॅन ०.४१. म्हणजे वर-खाली वेग मिनिटाला साधारण ११.४ मीटर. एक वर आणि एक खाली मिळून ३०० मिमी होत असेल तर मिनिटाला ३८ फेऱ्या. बहुतेक ठिकाणी हात सावकाश चालतो आणि रेषा आडव्या पडतात, मग तेल जास्त धरून इंजिन तेल खातं.

डायल बोअर गेजनं वर, मधे, खाली, दोन दिशांनी सहा मापं घ्या. लंबगोलपणा आणि टेपर (वर-खाली व्यासातला फरक) दोन्ही ०.०२ च्या आत. माप बॅरल खोलीच्या तापमानाला आल्यावरच, होननंतर लगेच नाही.

उद्यमबाग_टर्नर

होनिंगनंतर धुण्याबद्दल राहिलं. रॉकेल किंवा डिझेलनं धुतलं की दगडाची पूड रेषांत जाऊन बसते. गरम पाणी, कपड्याचा साबण, नायलॉन ब्रश. मग तेलाचं पांढरं फडकं फिरवायचं, करडा डाग यायचा बंद होईपर्यंत. त्यानंतर लगेच तेल. या हवेत धुतलेला बोअर दहा मिनिटं उघडा राहिला तरी तांबूस होतो.

खानापूर_टिलर

विषयाला धरूनच आहे म्हणून इथंच विचारतो. पॉवर टिलरचा पाण्यावरचा ब्लॉक, नवा. बोअर उत्तम, पण पाणी भरून चालवलं की बाहेरून एका जागी घाम सुटतो. थेंब पडत नाही, नुसता ओला डाग. रेडिएटरमध्ये टाकायची पावडर टाकू का?

बीडभट्टी

पावडर नको, ती बारीक वाटाही बंद करते आणि रेडिएटरही. घाम म्हणजे वॉटर जॅकेटच्या भिंतीतली सूक्ष्म सच्छिद्रता. तिथं जाड-पातळ जोड असेल, किंवा कोअर आधाराला ठेवलेला चॅपलेट गंजका किंवा नीट न वितळलेला. डाग गोल, दहा-बारा मिमीचा आणि मधे बारीक टिकलीसारखा उंचवटा असेल तर चॅपलेटच धरा.

तपासणी: ब्लॉकची सगळी तोंडं रबर आणि पट्ट्यांनी बंद करून २ बार हवा, ब्लॉक ६० अंशांच्या पाण्यात बुडवून दोन मिनिटं. थंड पाण्यात काही गळत्या दिसतच नाहीत. बुडबुड्यांची बारीक साखळी आली तर सूक्ष्म सच्छिद्रता, भराभर मोठे बुडबुडे आले तर भोक.

सूक्ष्म असेल तर व्हॅक्यूम इम्प्रेग्नेशन. टाकीत ब्लॉक ठेवून हवा ओढून घेतात, पातळ रेझिन सोडतात, वरचं धुऊन टाकतात आणि ९० अंशांच्या गरम पाण्यात दहा मिनिटांत रेझिन आत कडक होतं. मशिनिंग पूर्ण झाल्यावरच करायचं. आधी केलं तर पुढच्या कटात नवी भोकं उघडतात. डोळ्यानं स्पष्ट दिसणारं भोक यानं भरत नाही.

चॅपलेटचं किंवा एक-दोन मिमीचं भोक बाहेरून असेल तर ड्रिल करा, बारीक आट्यांचा टॅप मारा, बीडाचा किंवा पितळेचा प्लग ॲनएरोबिक (हवा न लागता घट्ट होणारं) सीलंट लावून पिळा, वर कापून सपाट करा. पुटी चालते ती इथं, बाहेरच्या अंगाला, कारण इथं तापमान पाण्याएवढंच राहतं आणि घासणारं काही नाही. निपाणीकरांची पुटी इथं कामाला येईल.

निपाणीकर

बघा, पुटीला शेवटी जागा मिळालीच की!

इम्प्रेग्नेशनला माल कोल्हापूरकडे पाठवणार असाल तर एक लक्षात ठेवा. राज्याबाहेर जॉबवर्कला माल गेला की किंमत कितीही कमी असू दे, जीएसटीचं ई-वे बिल लागतं. पन्नास हजारांची मर्यादा त्याला लागू नाही. सोबत डिलिव्हरी चलन. एका ब्लॉकसाठी कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवर कोगनोळीजवळ गाडी अडकवून घेऊ नका.

घटप्रभा_स्प्रे

टू-स्ट्रोक फवारणी पंपाच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमध्ये एक्झॉस्ट पोर्टच्या वर खड्डा आहे. त्याला पण स्लीव्ह?

होनिंग_मच्छे

तो बोअर क्रोम किंवा निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा दिलेला असतो, मिमीचा दहावा भाग किंवा त्याहून कमी जाड. साधा दगड लावला की मुलामा सोलतो. एवढ्या लहान सिलिंडरला पोर्टसकट स्लीव्ह कापण्याचा खर्च नव्या सिलिंडरपेक्षा जास्त. बदला.

चिकोडी_इंजिन

तीन नग स्लीव्हला देतोय. स्लीव्ह आणि मजुरी धरून नगामागे खर्च कच्च्या बॅरलच्या किमतीच्या जवळ जातोय. तो ओतारीकडे मागायचा की नाही?

उद्यमबाग_टर्नर

मागायचा, पण आधी ठरलं नसेल तर सगळा मिळणार नाही. बहुतेक फाउंड्री कास्टिंग बदलून देतात, मशिनिंगच्या खर्चावर हात वर करतात. पुढच्या ऑर्डरवर तीन ओळी लिहून घ्या: मशिनिंगमध्ये उघडलेला दोष फाउंड्रीचा, मशिनिंग खर्चाची डेबिट नोट अमुक टक्क्यांपर्यंत मान्य, आणि प्रत्येक नगावर हीट नंबर (भट्टीच्या खेपेचा क्रमांक) ओतलेला हवा. हीट नंबर नसेल तर भोकं कोणत्या डावाची हे भट्टीवाल्यालाही शोधता येत नाही.

स्लीव्ह नाही घातली, तर तीनपैकी एक नग त्याच्यासमोर पॉवर हॅकसॉवर उभा चिरा. तोंडावर बोलण्यापेक्षा चिरलेला तुकडा बरा.

बीडभट्टी

चिरताना वरच्या पेटीकडचा अर्धा चिरा, दर १० मिमीला एक काप. भोकं फक्त बोअरच्या सालीत आहेत की भिंतीच्या मध्यापर्यंत, हे कळलं पाहिजे. बोअरलगतच्या सालीत असतील तर कोअर आणि ओलावा. बाहेरच्या, पंखांच्या सालीत असतील तर साच्याची वाळू. सगळीकडे असतील तर धातूच, म्हणजे भंगार, ॲल्युमिनियम, ओला डाव.

पुढचा लॉट त्याच ओतारीकडून घ्यायचा असेल तर त्याला आडवं ओतणं सोडून बॅरल उभं ओतायला सांगा, जाड फ्लँज वर आणि त्यावर रायझर (जादा धातूचा उंच खांब). मळी आणि वायू रायझरमध्ये जातात, बोअरच्या अंगाला थांबत नाहीत. पॅटर्न नवा लागेल म्हणून तो कुरकुर करेल. नाहीच ऐकलं तर निदान वरच्या पेटीकडची मशिनिंग साल ३ वरून ४.५ मिमी करा, आणि डावातल्या शेवटच्या दोन पेट्या बॅरलच्या नाहीत, साध्या जाड मालाच्या ओता. इनॉक्युलेशन (बीड पांढरं, कडक पडू नये म्हणून टाकायची फेरोसिलिकॉनची पूड) डावात ०.२ ते ०.४ टक्के, आणि त्यानंतर दहा मिनिटांच्या आत ओतून मोकळं व्हायचं. उशीर झाला की परिणाम उतरतो, पातळ पंख पांढरे पडतात. पंखावर हॅकसॉ ब्लेड घासून बघा, ब्लेड सरकत असेल आणि कापत नसेल तर पंख चिल (पांढरा, कडक) झालाय.

चिकोडी_इंजिन

ब्लेड कापतंय, पंख मऊ आहेत. उभ्या ओतकामाचं विचारतो त्याला. शेवटचं: स्लीव्हसोबत जुनाच रिंग सेट चालेल? पहिली रिंग क्रोमची आहे.

होनिंग_मच्छे

बीडाच्या स्लीव्हला क्रोमची पहिली रिंग चालते. क्रोमच्या बोअरला क्रोमची रिंग कधीच नाही, पण तुमचा बोअर बीडाचाच आहे. मात्र घासलेल्या रिंगा नव्या होनवर बसत नाहीत, सेट नवा घ्या. गॅप बोअरमध्ये रिंग पिस्टननं सरळ ढकलून, मधल्या भागात मोजा. ८७.५ ला ०.३० ते ०.४५ मिळावा, पण रिंगच्या पाकिटावरचा आकडा आधी. क्लिअरन्स पिस्टनवाल्यानं दिलेलाच ठेवा, स्लीव्ह घातली म्हणून कमी करू नका, हवेवरच्या इंजिनात तर नाहीच.

पहिले दोन तास लोड निम्मा ठेवा, पण रिकामं गुरगुरत ठेवू नका. लोड नसेल तर रिंगमागे दाब येत नाही आणि बोअर चकचकीत होऊन तेल खायला लागतो. २५ तासांनी तेल बदला.

खानापूर_टिलर

डाग गोल आहे आणि मधे टिकली आहे. चॅपलेटच. एम६ चा टॅप मारला तर चालेल ना?

बीडभट्टी

चॅपलेटचा दांडा पूर्ण ड्रिलमध्ये निघाला पाहिजे, अर्धा उरला तर त्याच्या कडेनं पाणी येतच राहणार. दांडा ५ मिमीचा असेल तर एम८ बाय १ (८ मिमी व्यास, १ मिमीचा आटा) मारा, त्याचं ड्रिल ७ मिमीचं. एम६ बाय ०.७५ ला ५.२ मिमीचं ड्रिल लागतं, त्यात दांड्याभोवतीची सच्छिद्र कड तशीच राहील. भिंत ६ मिमीपेक्षा पातळ असेल तर आटे पुरत नाहीत, तेव्हा प्लगऐवजी इम्प्रेग्नेशनच करा.